पिवळ्याचा पिच्छा: ज्योत परीक्षणाच्या नोंदी

नाशिकच्या सातपूरला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. बी.एस्सी. केमिस्ट्रीला झालं होतं, पण पोट भरलं कॉपर वायरने. भाची अकरावी सायन्सला, शिकायला आमच्याकडेच असते. या नोंदी तिने वहीत आणि मी जॉबकार्डांच्या पाठीमागे लिहिल्या. घरी कुणी फ्लेम टेस्ट (पदार्थ ज्योतीत धरून रंगावरून त्यातला धातू ओळखणं) करणार असेल तर आमचा वेळ कुठे गेला ते बघून घ्या, म्हणजे तुमचा जाणार नाही.

रविवार, १ डिसेंबर २०२४

सकाळी दाजींचा फोन. पिंपळगावकडे त्यांची द्राक्षबाग आहे, थॉमसन जातीची. ठिबकमधून ०-०-५० सोडलं आणि आठवड्यात पानांच्या कडा करपायला लागल्या. "खतात मीठ मिसळलंय. तू केमिस्ट्रीवाला ना, बघ जरा." आणि एसटीने येणाऱ्या माणसाबरोबर एका बाटलीत नमुनाही पाठवून दिला.

०-०-५० म्हणजे पोटॅशियम सल्फेट. लाल पोटॅश स्वस्त पडतं, पण त्यात क्लोराइड असतं आणि द्राक्षाला क्लोराइड मानवत नाही, म्हणून बागायतदार जास्त पैसे मोजून हे घेतो. त्यात कुणी मीठ घातलं तर सोडियमही गेलं आणि क्लोराइडही. दाजींचा संताप समजण्यासारखा होता.

भाची म्हणाली, "मामा, फ्लेम टेस्ट करू. सोडियम पिवळा, पोटॅशियम फिकट जांभळा. पाच मिनिटांचं काम आहे." ते पाच मिनिटांचं काम सात आठवडे चाललं.

दुकानात वायरला तोटा नाही. तांब्याच्या तारेचा तुकडा घेतला, पॉलिशपेपरने इनॅमल घासलं, टोकाला बारीक कडी केली. संडास साफ करायच्या अॅसिडमध्ये बुडवून स्वयंपाकघरातल्या गॅसवर धरली. ज्योत हिरवीगार. मीठ लावलं, हिरवी. दाजींचं खत लावलं, हिरवी. चुना लावला तरी हिरवी.

हा गाढवपणा माझा. तांबं आणि क्लोरीन एकत्र तापले की कॉपर क्लोराइडची वाफ होते आणि ज्योत हिरवी-निळी होते. अॅसिडमधलं क्लोराइड होतंच, तांबं मी आणलं. बाइलश्टाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८७२ मध्ये याचीच चाचणी केली: तापवलेल्या तांब्यावर पदार्थ ठेवायचा, हिरवं दिसलं तर त्यात क्लोरीनसारखं काहीतरी आहे. भंगारवाले पीव्हीसी केबल जाळतात तेव्हा आगीच्या कडेला हिरवट झाक दिसते, ती हीच. वीस वर्षं बघतोय, डोक्यात आलं नाही. (तो धूर विषारी असतो, तिथे उभे राहू नका.)

इनॅमलच्या वासाने बायकोने दोघांनाही स्वयंपाकघरातून हाकललं. पुढचं सगळं दुकानाच्या मागच्या पडवीत, पाच किलोच्या छोट्या सिलिंडरवर.

बुधवार, ४ डिसेंबर

कॉलेजात प्लॅटिनमची तार वापरायचे. तिचा भाव विचारायचंही धाडस झालं नाही. शेगडीची नवी हीटर कॉइल ६० रुपयांना मिळाली, तिची तार चालते. चार इंच सरळ केली, टोकाला दोन-तीन मिलिमीटरची कडी. मूठ म्हणून रिकाम्या बॉलपेनची नळी लावली, ती तिसऱ्या खेपेला वितळून तारेवर ओघळली. मग लाकडी कपड्याचा चिमटा. तो टिकला.

संडासच्या अॅसिडमध्ये बुडवली, दाजींच्या बाटलीतला थेंब उचलला, ज्योतीच्या निळ्या भागाच्या कडेला धरली. झगझगीत पिवळी. जांभळ्याचा मागमूस नाही. तीनदा केलं, तीनदा पिवळी.

मी दाजींना फोन करून सांगितलं, "मीठ आहे." सगळ्या प्रकल्पातली सगळ्यात महाग चूक ही.

शनिवार, ७ डिसेंबर

दाजी कृषी सेवा केंद्रात जाऊन भांडून आले. पोतं परत घ्या म्हणाले, दुकानदार म्हणाला रिपोर्ट दाखवा. दाजी म्हणाले, माझ्या मेहुण्याने तपासलंय.

इकडे संध्याकाळी भाची सहज म्हणाली, "मामा, काहीच न लावता नुसती तार धर ना."

पिवळी.

बॅटरीचं पाणी (म्हणजे डिस्टिल्ड वॉटर) लावून धरली, पिवळी. ज्योतीत धरून धरून रंग जवळपास गेला, मग कडीला बोट लावून परत धरली. लख्ख पिवळी. बोटावरच्या घामाचं मीठ पुरलं. मग अॅसिडची बाटली उजेडात बघितली, ते मुळातच पिवळसर. स्वस्तातलं, लोखंड आणि काय काय असणारं अॅसिड, आणि त्यात आम्ही तार 'स्वच्छ' करत होतो.

रात्री जुनं पुस्तक काढलं. बुन्सेन आणि किर्शहॉफ या जर्मन शास्त्रज्ञांनी हायडलबर्गमध्ये १८६० च्या सुमारास केलेला प्रयोग त्यात होता. सुमारे ६० घनमीटरच्या खोलीत, ज्योतीपासून लांबच्या कोपऱ्यात त्यांनी ३ मिलिग्रॅम सोडियम क्लोरेट दुग्धशर्करेबरोबर उडवलं. काही मिनिटांत समोरची ज्योत पिवळी झाली. त्यावरून त्यांनी हिशेब मांडला की मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या भागाइतकं सोडियमसुद्धा ज्योत दाखवते. आणि मी अॅसिडच्या बाटलीत बोट बुडवून, त्याच हाताने फोन उचलून दाजींना निकाल दिला होता.

दाजींना फोन केला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आता मी त्या दुकानात कोणत्या तोंडाने जाऊ?"

रविवार, ८ डिसेंबर

पूर्ण दिवस नुसती तार स्वच्छ करण्यात. जे जमलं ते असं:

लॅबच्या दुकानातून एल.आर. ग्रेडचं (प्रयोगशाळेत वापरायचं, शुद्ध) हायड्रोक्लोरिक अॅसिड आणलं, अर्धा लिटर २४० रुपये. ते एकाच ग्लासात ओतून दिवसभर वापरू नका. छोट्या काचेच्या वाटीत थोडं घ्या, त्यात तार बुडवा, ज्योतीत धरा, परत बुडवा. आम्हाला पहिल्या तारेला अकरा फेऱ्या लागल्या. पिवळं दोन सेकंदांच्या आत विझायला लागलं की वाटीतलं अॅसिड फेकून ताजं घ्या, नाहीतर तेच मीठ परत परत लावत बसाल. तार लालभडक झाली की तिची स्वतःची नारिंगी झाक दिसते, तिला सोडियम समजू नका. रंग बघायचा तो ज्योतीत, तारेत नाही.

प्रत्येक नमुन्यासाठी वेगळी तार आणि चिमट्यावर नाव. मीठ आणि सोडा यांची तार वेगळ्या डब्यात. पडवीत झाडू मारल्यावर अर्धा तास थांबायचं, कारण धूळ उडाली की सबंध ज्योत पिवळे ठिपके मारते. आणि प्रत्येक नमुन्याआधी कोरी तार धरून बघायची, कंटाळा आला तरी.

डोळ्यांना गॉगल, पंखा बंद, दार उघडं. अॅसिडचा वाफारा दुकानात घुसला तर वाइंडिंगच्या हत्यारांना गंज चढतो. माझ्या दोन पक्कडी आताच तांबूस झाल्यात.

रविवार, १५ डिसेंबर

खताकडे जाण्याआधी माहीत असलेले पदार्थ. अंधार पडल्यावर केले, दिवसा निम्मे रंग कळतच नाहीत.

मोरचूद (कॉपर सल्फेट): बागायतदाराच्या घरी बोर्डो या बुरशीनाशक फवारणीसाठी असतंच. हिरवं, मध्येच निळं. अॅसिड लावल्यावर निळं जास्त. सगळ्यात सोपं, कुणालाही जमेल, म्हणूनच मला ते फारसं आवडत नाही.

चुना: पानाच्या टपरीवरचा. नुसता लावला तर काहीच नाही, अॅसिडमध्ये बुडवून क्लोराइड झालं की विटकरी रंगाचे फटकारे येतात आणि लगेच जातात. कोंबडीच्या अंड्याचं कवच अॅसिडमध्ये विरघळवून जास्त छान आलं.

बोरिक पावडर: पोपटी कड. कॅरमवाल्याकडून आणली. बोरॅक्स घेऊ नका, त्यात सोडियम आहे, मग काय होणार ते सांगायला नको.

लिथियम क्लोराइड १०० ग्रॅम ७८० रुपये. सगळ्यात महाग खरेदी आणि त्यातलं एक ग्रॅमही संपलं नाही. मोबाइलच्या बॅटऱ्या फोडून लिथियम काढण्याची कल्पना दुकानातल्या पोऱ्याने मांडली, त्याला तिथेच गप्प केला. स्ट्रॉन्शियम नायट्रेट ४२० रुपये. बेरियम घरी आणलंच नाही, विद्राव्य बेरियम क्षार विषारी असतात. ते भाचीने कॉलेजच्या लॅबमध्ये सरांसमोर केलं.

लिथियम आणि स्ट्रॉन्शियम शेजारी शेजारी धरले तर दोन्ही लाल. भाची म्हणाली लिथियम गुलाबीकडे झुकतं, मला उलट वाटलं. चिमट्यांची नावं झाकून दहा वेळा परीक्षा घेतली, दोघांचे मिळून निम्मे चुकले. पुस्तकातला 'किरमिजी' शब्द डोळ्यांना काही मदत करत नाही.

आणि पोटॅशियम. शुद्ध क्षाराची बाटली, स्वच्छ तार, तरी जांभळी झाक अर्धा सेकंद आणि मग पिवळं. सोडियम अडवायला निळी कोबाल्ट काच लागते हे माहीत होतं, पण आधी पैसे वाचवायचा प्रयत्न केला. निळा जिलेटीन कागद: पिवळं आरपार. जुनी निळी औषधाची बाटली: तेच. वेल्डिंगची काच: काहीच दिसत नाही, ज्योतसुद्धा. शेवटी १५० ची एक अशा दोन कोबाल्ट काचा. एकीतून थोडं पिवळं निसटतं, दोन एकावर एक ठेवल्या की मिठाची ज्योत जवळपास गायब आणि पोटॅशियम गडद तांबूस-जांभळं. भाची ओरडलीच. हा एक क्षण सातही आठवड्यांचे पैसे वसूल करणारा होता.

रविवार, २२ डिसेंबर

लाल-लाल वेगळे करायचे तर प्रकाश पसरवायला हवा, म्हणजे प्रत्येक धातूच्या ठरलेल्या रंगीत रेघा सुट्या दिसतात. बुन्सेनही आधी रंगीत काचा आणि नीळ घातलेल्या पाण्यातून ज्योत बघत असे. प्रिझम वापर, हे त्याला किर्शहॉफने सुचवलं. त्यांचं पहिलं यंत्र सिगारच्या खोक्याचं होतं असं सांगतात. आमचं बुटाच्या खोक्याचं.

एका टोकाला दाढीच्या ब्लेडच्या दोन पात्यांची फट, दुसऱ्या टोकाला डीव्हीडीचा तुकडा. डीव्हीडीचे दोन थर सुरीने वेगळे होतात, चंदेरी पापुद्रा चिकटपट्टीने निघतो. आत काळा कागद.

सकाळी दहाला सुरुवात, दुपारी तीनपर्यंत डोळ्याला काहीही दिसलं नाही. फट मोठी केली, लहान केली, तुकडा फिरवला. चूक अशी की खोक्याची मापं सीडीसाठी घेतलेली होती. सीडीच्या रेघांमध्ये १.६ मायक्रॉन अंतर असतं, डीव्हीडीच्या ०.७४. सीडीतून सोडियमची पिवळी रेघ समोरच्या दिशेपासून सुमारे २२ अंशांवर येते, डीव्हीडीतून सुमारे ५३ अंशांवर. मी ५३ वर असलेली गोष्ट २२ वर शोधत पाच तास बसलो होतो. खोक्याच्या बाजूला नवं भोक पाडलं आणि सगळं दिसलं. डीव्हीडीच ठेवा, रेघा जास्त लांब पसरतात, फक्त भोक बाजूला पाडा.

फट रुंद असेल तर रेघेऐवजी पट्टा दिसतो. दोन पात्यांमध्ये कागद धरून चिकटवली आणि कागद काढून घेतला, तेवढी पुरे.

मोजपट्टीसाठी दुकानातला जुना सीएफएल. त्यातल्या पाऱ्याच्या दोन रेघा पक्क्या: निळी ४३५.८ नॅनोमीटर (ही प्रकाशाची तरंगलांबी), हिरवी ५४६.१. त्यांच्यावरून खोक्यात खुणा केल्या. एलईडी घेऊ नका, त्यात रेघा नसतात, सगळा सलग पट्टा.

बुधवार, २५ डिसेंबर

सुट्टी. दिवसभर खोका आणि ज्योत.

मीठ: ५८९ ला एकच पिवळी रेघ. खरं तर त्या दोन आहेत, ५८९.० आणि ५८९.६, बुटाच्या खोक्याला त्या सुट्या होत नाहीत. या रेघेने मोठमोठ्यांना फसवलंय. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात सूर्याच्या कडेला पिवळी रेघ दिसली, तेव्हा आधी सोडियमच वाटलं. ती ५८७.५ च्या आसपास निघाली आणि पुढे तिला हीलियम म्हटलं. माझं दाजींना मीठ सांगणं त्या मानाने किरकोळ.

लिथियम: ६७१ च्या जवळ एक लाल रेघ, बाकी अंधार. स्ट्रॉन्शियम: लाल-नारिंगी पट्ट्यांची गर्दी आणि लांब निळ्यात ४६१ ला एक एकटी रेघ. आता नावं झाकून परीक्षा घेतली, दहापैकी दहा. नुसत्या डोळ्याला जुळी भावंडं वाटणारी ही दोघं इथे एकमेकांची नात्यातलीसुद्धा वाटत नाहीत. बुन्सेन-किर्शहॉफना १८६० मध्ये ड्युर्कहाइमच्या झऱ्याच्या पाण्यात अशाच कुणाच्याच नसलेल्या निळ्या रेघा दिसल्या आणि सीझियम सापडलं.

दिवाळीची उरलेली लाल फुलबाजी लांबून पेटवून खोक्यातून बघितली. स्ट्रॉन्शियमचेच पट्टे, वर पिवळी रेघ फुकट. फुलबाजी किंवा फटाक्याची दारू खरवडून, कुटून घेऊ नका. पेटवा आणि लांबून बघा, बस्स.

पोटॅशियमने इथेही छळलं. त्याची मुख्य रेघ ७६६ ला, डोळ्याच्या अगदी काठावर, आणि मोबाइलचा कॅमेरा ती आधीच गाळून टाकतो. दुसरी ४०४ ला, जांभळ्याच्या तळाशी, अंधुक. भाचीचे चाळीस फोटो काळे आले. पोटॅशियमसाठी दोन कोबाल्ट काचाच बऱ्या, खोका नको.

रविवार, ५ जानेवारी २०२५

दाजी स्वतः आले. पोत्यातला कोरडा नमुना मागितला तेव्हा कळलं, आधीची बाटली पोत्यातली नव्हतीच. व्हेंचुरीच्या (ठिबकमध्ये खत ओढून घेणाऱ्या नळीच्या) बादलीतली होती, विहिरीच्या पाण्यात कालवलेली. महिनाभर मी हा प्रश्न विचारला नाही.

कोरडं खत बॅटरीच्या पाण्यात, ताजी तार. दोन काचांतून छान तांबूस-जांभळं. काचेशिवाय मात्र पिवळंच. मग शुद्ध पोटॅशियम सल्फेटमध्ये मुद्दाम मीठ मिसळून बघितलं: १ टक्का, ५ टक्के, १० टक्के. नुसत्या डोळ्याला तिन्ही सारखेच पिवळे. म्हणजे पोटॅशियम आहे हे आम्ही सांगू शकतो, सोडियम आहे हेही. किती, हे नाही. आणि दाजींचा प्रश्न 'किती'चाच होता.

भाचीने कॉलेजमधून सिल्व्हर नायट्रेट करून आणलं. ज्योत धातू सांगते, क्लोराइड सांगत नाही, ते यातून कळतं. मिठाच्या पाण्यात दह्यासारखा पांढरा साका, लाल पोटॅशमध्ये तसाच, दाजींच्या कोरड्या खतात हलकीशी गढूळ झाक. विहिरीच्या पाण्यात? खतापेक्षा जास्त.

दाजी चहा घेता घेता थांबले. "उन्हाळ्यात नवं बोअर मारून विहिरीत सोडलंय," म्हणाले.

शनिवार, ११ जानेवारी

खत, पाणी आणि पानांचे देठ घेऊन माती-पाणी परीक्षणाच्या प्रयोगशाळेत. तिथे फ्लेम फोटोमीटर बघितला. आमच्या पडवीतलंच काम, शिस्तीत. गॅसच्या ज्योतीत कॉम्प्रेसरच्या हवेने नमुन्याचा फवारा जातो, समोर फिल्टर, सोडियमला ५८९ चा, पोटॅशियमला ७६८ च्या आसपासचा, आणि मागे उजेड मोजणारा सेल. मोबाइलला न दिसणारा तो लाल उजेड त्याला दिसतो. माहीत असलेल्या द्रावणांशी ताडून आकडा येतो. बाईंनी आमच्या नमुन्याआधी डिस्टिल्ड वॉटर ओढून यंत्र शून्यावर आणलं. भाचीने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं.

गुरुवार, १६ जानेवारी

रिपोर्ट आला. खतात पोटॅश पिशवीवर लिहिलंय तसं. पाण्यात सोडियम आणि क्लोराइड दोन्ही वाढलेले. दाजींनी बोअर बंद करून नुसत्या विहिरीचं पाणी सुरू केलंय.

कृषी सेवा केंद्रात दाजींनी मलाच पाठवलं. चूक माझी होती, गेलो. दुकानदाराने रिपोर्ट वाचला, चहा मागवला आणि दाजींची उधारी किती आहे ते पहिल्यांदा मला सांगितलं.

खर्च: कॉइल ६०, दोन प्रकारचं अॅसिड २८०, बॅटरीचं पाणी ३०, कोबाल्ट काचा ३००, लिथियम ७८०, स्ट्रॉन्शियम ४२०, दोन गॉगल १८०, ब्लेड १०. एकूण २०६० रुपये. लिथियम वगळा, काम अडत नाही. खोका-डीव्हीडी घरातली. प्रयोगशाळेची फी दाजींनी भरली.

शनिवार, १८ जानेवारी

कॉलेजचं विज्ञान प्रदर्शन. आधी एकाने सुचवलं होतं की वाट्यांमध्ये मिथेनॉल ओतून इंद्रधनुष्यासारख्या ज्योती ओळीने पेटवा, गर्दी जमते. मी साफ नाही म्हणालो. मिथेनॉलची ज्योत उजेडात दिसत नाही, विझली समजून कुणी वरून ओततं आणि बाटलीसकट भडका उडतो. या प्रयोगात मुलं भाजल्याच्या घटना झालेल्या आहेत. तार, चिमटा आणि छोटा बर्नर एवढंच ठेवलं.

भाचीने सकाळी सहा वाजता उठून नऊ तारा स्वच्छ केल्या, प्रत्येकीची कोरी ज्योत बघून झाकून ठेवल्या. परीक्षक आले. त्यांनी पोटॅशियमची तार उचलली, "ही कशाची आहे?" म्हणत कडी दोन बोटांत फिरवून बघितली आणि कौतुकाने तिच्या हातात परत दिली. तिने ती ज्योतीत धरली.

पिवळी.